रहाट कमरेला हवा: जुन्या आल्वी रिळासाठी गळाच्या काठीची मूठ बदलली, त्याची हकीकत

रिळाचा पाय काठीवरच्या खोबणीत शिरत नव्हता. फरक मिलिमीटरभराचा, फार तर दीड. कानस हाताशी होती, रविवारची दुपार होती, आणि पितळ कानशीखाली किती भराभर उतरतं हे ठाऊक होतं. पाच मिनिटांचं काम. ते मी केलं नाही, हे या प्रकरणातलं माझं पहिलं शहाणपण. दुसरं सुचायला पुढे तीन आठवडे लागले.

मी ब्रिस्बेनमध्ये राहतो. मूळचा वेंगुर्ल्याकडचा, त्यामुळे गरवायची, म्हणजे गळाने मासे धरायची, सवय लहानपणापासूनची. पण ती होडीतून किंवा धक्क्यावर बसून, तंगूस (गळाचा नायलॉनचा दोर) बोटावर घेऊन. रीळ-बीळ काही नाही. इथे आल्यावर मोकळ्या किनाऱ्यावरून गळ टाकायला एक लांब काठी घेतली. १२ फुटी, दोन तुकड्यांची, कार्बन आणि फायबरग्लासच्या मिश्रणाची, दुकानातल्या स्वस्त रांगेतली. त्यावर हल्ली सगळ्यांकडे असतं ते स्पिनिंग रीळ, आत दातेरी चक्रं असलेलं. दोन वर्षं बरी गेली. मग शेजारचे आजोबा घर विकून मुलीकडे राहायला निघाले. गॅरेज उपसताना त्यांनी कुंपणावरून हाक मारली आणि एक कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "काठी मोडून जमाना झाला, हे काही मोडत नाही," म्हणाले. आत आल्वीचं जुनं रीळ होतं.

आल्वी हे नाव क्वीन्सलँडमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. चार्ल्स आल्वी नावाचे गृहस्थ इंग्लंडहून इथे आले आणि १९२० साली ब्रिस्बेनमध्ये त्यांनी ही रिळं बनवायला सुरुवात केली. आधी लाकडाची, पुढे बेकेलाइट या जुन्या प्लॅस्टिकची, मग फायबरग्लासची. माझ्या वाट्याला आलेलं बेकेलाइटचं. आपल्याकडे जुन्या वाड्यांतून विजेची काळी-तपकिरी बटणं असायची ना, तोच रंग आणि तोच थंडगार स्पर्श. साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचं चाक, त्यावर समोरासमोर दोन मुठी, मधोमध एक दांडा, मागे पितळेची पट्टी आणि पाय. आत दातेरी चक्रं नाहीत. मुठीचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, म्हणजे भरलेल्या चाकावर जेमतेम ४७ सेंटिमीटर तंगूस आत. आजची रिळं तेवढ्यातच मीटरभर ओढून घेतात. पण वाळू आणि खारं पाणी आत शिरून बिघडेल असं यात काही नाहीच. लोक लाटेत बुडवून धुतात आणि पुढे टाकतात.

खुबी आहे ती पायाच्या सांध्यात. गळ टाकताना चाक काटकोनात फिरवायचं, म्हणजे त्याचा सपाट चेहरा काठीच्या टोकाकडे होतो. मग चाक फिरत नाही, तंगूस त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जाते. टोकाला बांधलेलं शिसं पाण्यात पडलं की चाक पुन्हा सरळ करायचं आणि विहिरीवरचा रहाट ओढावा तसं गुंडाळायचं. कल्पना मूळची स्कॉटलंडमधल्या पर्थ गावच्या मॅलॉकची, पेटंट १८८४ सालचं. त्याच्याआधी चाकच गरगरा फिरवत दोर सोडावा लागे. वेग सांभाळता आला नाही की गुंता ठरलेला. स्पिनिंग रीळ त्यानंतरचं, १९०५ सालचं. ते काढणारा इलिंगवर्थ हा ब्रॅडफर्डचा कापडगिरणीवाला. बॉबिनच्या टोकावरून सूत कसं सरसर सुटतं हे ज्याच्या धंद्यात रोज दिसतं, असा माणूस. आल्वीचं रीळ या दोन्हींच्या मधलं. टाकताना ते बॉबिन असतं, ओढताना रहाट. पुढचा सगळा घोळ या दुहेरी स्वभावातून झाला.

तर पाय शिरत नव्हता. इथले लोक काठीवरच्या रिळाच्या बैठकीला 'विंच' म्हणतात. माझ्या काठीचा विंच आधुनिक रिळाच्या सडपातळ पायासाठी केलेला. खाली एक स्थिर खोबण, वर आट्यांवर सरकणारी दुसरी खोबण, मध्ये पाय ठेवून नट आवळायचा. आल्वीचा पाय जाड, आणि त्याची खालची बाजू पन्हाळीसारखी वाकवलेली, बहुधा जुन्या जाड लाकडी मुठीसाठी. कानस बाजूला ठेवली ती कुठल्या तत्त्वापायी नाही. आजोबा अजून आठवडाभर शेजारीच होते आणि सहज कधी डोकावले असते, एवढंच. पण त्या वेळी एक नियम मनाशी करून टाकला: रिळाचं काही कापायचं नाही, घासायचं नाही. बदल करायचा तो काठीत. काठी बाजारात दुसरी मिळते.

पाय इन्सुलेशन टेपने विंचवर गुंडाळला, वरून बागेच्या नळीला लावतात त्या दोन क्लिपा कसल्या. ट्यूबलाइट चालू होते की नाही हे बघायला वायर नुसती पिळून लावावी, तसं. संध्याकाळी मैदानावर गेलो. गरी, म्हणजे गळाचा आकडा, काढून ठेवलेली, टोकाला फक्त ६० ग्रॅमचं शिसं. आधी नेहमीच्या रिळाने टाकून पाहिलं, ८० पावलं. मग आल्वीने.

३० पावलं. पुन्हा टाकलं, २८. तंगूस काठीवरच्या ज्या कड्यांतून ओवलेली असते, त्यांतल्या पहिल्या कडीवर ती सुटताना फटाफट आपटत होती. लांबून कुणी टाळ्या वाजवत असावं असा आवाज.

गुंडाळणं त्याहून वाईट. माझ्या काठीचा विंच बुडाच्या टोकापासून ७० सेंटिमीटरवर. दातेरी रीळ तिथे चालतं, कारण मनगट हललं तरी पुरतं. इथे मोठ्या चाकाची मूठ पूर्ण फिरवायची आणि तीही हात छातीपुढे लांब करून. दहाव्या खेपेला खांदा बोलायला लागला. मी रिळाला नावं ठेवली, आजोबांच्या पिढीला ठेवली, आणि घरी आलो.

रात्री वेंगुर्ल्याला भावाला व्हिडिओवर सगळं दाखवलं. त्याची स्वतःची होडी आहे, रिळाशी संबंध शून्य. त्याने काठी आणि चाक बघितलं आणि हसायलाच लागला. "रहाट कोण छातयेर बांधता काय रे? रहाट कमरेक होयो!"

आमच्या परसात जुना रहाट होता, त्यामुळे हे मला सांगावं लागायला नको होतं. शिवाय इथल्या वूरिमच्या किनाऱ्यावर आल्वी घेऊन उभी असलेली म्हातारी मंडळी मी दोन वर्षं बघत होतो. सगळ्यांची रिळं पार मांडीशी, काठीच्या अगदी बुडाला. काठीचं टोक दोन मांड्यांत धरलेलं, उजवा हात कमरेपाशी चाक फिरवतोय, डावा हात वर काठीवर, आणि त्याच्या बोटांमधून तंगूस चाकावर सारखी पसरत येतेय. मला ती त्यांची ऐट वाटायची.

मी पूर्ण दुपार "हे इथे बसेल कसं" या प्रश्नावर घालवली होती. विचारायला हवं होतं ते "हे बसवायचं कुठे". दुसऱ्याचं उत्तर मिळालं असतं तर पहिला प्रश्न आपोआप वेगळा झाला असता, कारण जुन्या विंचची गरजच राहिली नसती.

कडीवरच्या फटाफटीचं कारणही जागेतच होतं. आल्वीवरून सुटणारं वेटोळं १५ सेंटिमीटर रुंद, पहिली कडी ४ सेंटिमीटरची, आणि मध्ये अंतर फक्त ७५ सेंटिमीटर. एवढ्या थोड्या जागेत एवढं मोठं वेटोळं मिटत नाही, ते कडीच्या काठावर आदळतं. स्पिनिंग रिळाचं चाक यापेक्षा पुष्कळ लहान, म्हणून त्याला तेवढं अंतर पुरायचं. कागदावर रेघोट्या मारल्यावर एक गंमत लक्षात आली. रीळ ७० सेंटिमीटरवरून १८ वर आणलं, तर कडीला हात न लावता अंतर ५२ सेंटिमीटरने वाढतं. ७५ चं १२७ होतं. मी सगळ्या कड्या सोडवून नव्याने बांधायच्या तयारीला लागलो होतो. दोरा आणि वार्निश विकत घ्यायच्या बेतात होतो.

१८ हा आकडाही असाच नाही आला. टेप आणि क्लिपांवरच तीन जागा करून पाहिल्या. १० सेंटिमीटरवर चाक इतकं खाली येतं की गुंडाळताना बोटांची पेरं मांडीवर आपटतात, आणि मांड्यांत धरायला काठीचं बूडच उरत नाही. २५ वर टाकणं सुरेख जमत होतं, पण गुंडाळताना कोपर पुन्हा वर उचलावं लागे. १८ वर कोपर बरगडीशी टेकून राहिलं. माझी उंची साडेपाच फूट. सहा फुटी माणसाने माझा आकडा घेऊ नये, टेप घेऊन मैदानावर जावं. त्या संध्याकाळी ५८ पावलं गेलं.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. खरं सांगायचं तर इथल्या कितीतरी जुन्या काठ्यांवर आल्वी आयुष्यभर क्लिपांवरच बसलेलं असतं आणि मालकाची काही तक्रार नसते. पण त्या काठ्या भरीव फायबरग्लासच्या किंवा जाड भिंतीच्या. माझ्या काठीची नळी पातळ. क्लिपचा पट्टा तिला एका रेघेवर चिरडत राहणार, आणि कार्बनमिश्रित नळी वाकताना आधी सांगत नाही, एकदम तुटते. शिवाय क्लिपच्या टोकाने माझा तळवा पहिल्याच दिवशी कापला होता. जुन्या मुठींवर असायच्या तशा नुसत्या सरकत्या दोन कड्यांचाही विचार केला. हलक्या रिळाला त्या छान. पण आल्वी आडवं फिरवलं की त्याचं सगळं वजन पायाच्या एका बाजूला येतं आणि दर खेपेला पायाला पीळ बसतो. नुसती घर्षणावर धरलेली कडी तासाभरात ढिली होणार. म्हणून आट्यांचा, धातूच्या टोप्यांचा विंचच घ्यायचं ठरलं.

दुकानात जाताना रीळच पिशवीत घालून नेलं. विंचच्या वेष्टनावर आकडा असतो तो आतल्या भोकाचा. खोबणीत किती जाड पाय मावतो हे त्यावर लिहिलेलं नसतं. काउंटरवरच्या मुलाने चार विंच काढून दिले. चौथ्याच्या दोन्ही खोबणी खोल होत्या. पाय शिरला. शिरला, पण डुलत होता. पायाची पन्हाळ मोठ्या गोलाईची आणि विंच बारीक, त्यामुळे पाय दोन कडांवर टेकायचा आणि मध्ये पोकळी. नट कितीही आवळला तरी बोटाने ढकललं की टकटक. ते मी घरी निस्तरणार होतो.

मधल्या काळात आळशीपणाने एक चूक केली. जुना विंच वर होता तिथेच राहू दिला. "असू दे, वरच्या हाताला पकड होईल." नवा विंच अजून नुसता टेपवर. तिसऱ्या संध्याकाळी जोरात टाकलं आणि खाड असा आवाज झाला. सुटणारं वेटोळं जुन्या विंचच्या नटाला अडकलं होतं. तंगूस तिथल्या तिथे तुटली आणि ६० ग्रॅमचं शिसं मोकळं होऊन मैदानाच्या कुंपणावरून पलीकडे गेलं. पलीकडे झाडी होती. दुसऱ्या बाजूला मुलांचा सराव चालू होता. त्यानंतर मी मैदानावर शिसं वापरलंच नाही, मोज्यात वाळू भरून बांधत गेलो.

म्हणजे जुना विंच काढणं आलं, आणि सगळ्यात जास्त जीव याच कामात गेला. तो नळीला एपॉक्सीने चिकटवलेला असतो, ओढून निघत नाही. फिरत्या यंत्राने कापायचा मोह होतो, पण चकती प्लॅस्टिकमधून केव्हा पार होऊन नळीला लागली ते कळतही नाही, आणि नळीवर पडलेली आडवी चीर म्हणजे काठीचा मृत्यू. मी हातकानशीने लांबीच्या दिशेने दोन चर पाडले, एकमेकांच्या समोर. घासत जाताना प्लॅस्टिकचा काळा चुरा पडत राहतो. भुकटीचा रंग मातकट झाला की समजायचं, खालचा कागदी टेप आणि डिंक लागला. तिथेच थांबायचं. मग उकळत्या पाण्यात बुचकळलेलं फडकं दहा मिनिटं गुंडाळून ठेवलं, चरात लाकडी पाचर घालून हलकेच पिळलं आणि विंच फणसाच्या आठळीचं साल सुटावं तसा दोन भागांत सुटला. आत मूळ कारखान्यात गुंडाळलेला मास्किंग टेप, अर्धा कुजलेला. तो नखाने आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढला. सुरी लावली नाही. बुडाची रबरी टोपी मात्र त्याच गरम पाण्याने दोन मिनिटांत निघाली.

नव्या विंचचं भोक नळीपेक्षा दोन-अडीच मिलिमीटर मोठं. ती फट भरायला साधारणपणे मास्किंग टेपचीच कडी गुंडाळतात. पण आतला कुजका टेप नुकताच बघितला होता, म्हणून त्याऐवजी जिप्समच्या भिंतींचे सांधे भरायला जाळीदार फायबरग्लास पट्टी मिळते ती घेतली. तिच्या छिद्रांतून एपॉक्सी आरपार जातं आणि सगळं एकजीव होतं. तीन कडी, मध्ये बोटभर जागा. कोरडं बसवून बघितलं: विंच हाताने दाबल्यावर जेमतेम सरकला पाहिजे. मग २४ तासांत घट्ट होणारं संथ एपॉक्सी. पाच मिनिटांवालं इथे वापरू नये, आणि त्याचं कारण अगदी घरगुती आहे: विंच सरळ करायलाच दहा मिनिटं लागतात.

सरळ म्हणजे कशाशी सरळ, हेही आधी कळलं नव्हतं. मी पूर्ण काठी जोडून टोकाच्या कडीकडे डोळा लावून बसलो होतो. पण वरचा तुकडा तर सांध्यात कसाही फिरवता येतो. बांधलेली कडी एकच, खालच्या तुकड्यावरची. विंच तिच्याशी रेषेत आला की झालं, बाकीच्या कड्या किनाऱ्यावर उभं राहून जुळवता येतात. खालचा तुकडा टेबलावर आडवा ठेवला, विंचमध्ये फूटपट्टी आवळली आणि पट्टीची धार कडीच्या मध्यातून जाते का ते पाहिलं. टेपने बांधलं आणि रात्रभर त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. दोनदा उठून बघितलं.

आता ती टकटक. बंदुकीचं लोखंड लाकडी दस्त्यात बसवताना कारागीर ज्या पद्धतीने त्याला 'गादी' करतात, ती इथे उपयोगी पडली. रिळाच्या पायाला खालून व्हॅसलिन चोपडलं, त्यावर स्वयंपाकघरातली पातळ चिकट प्लॅस्टिक फिल्म सुरकुती न पडू देता ओढली. विंचची पाठ पॉलिश पेपरने खरखरीत केली आणि तिच्यावर एम-सीलसारख्या दोन भागांच्या लुकणाची चपटी वळकटी ठेवली. पाय तिच्यावर दाबला आणि नट हलक्या हाताने आवळला. बाजूने लुकण पिळून बाहेर आलं, ते ओल्या बोटाने पुसलं. चार तासांनी नट सोडला. पाय फिल्मसकट अलगद उचलला गेला, आणि खाली त्या पायाचा हुबेहूब साचा. पितळेवर शेजाऱ्यांनी कधीतरी कशाने तरी कोरलेलं एक अक्षर होतं, त्याची उलटी खूण फिल्ममधूनही पुसटशी उमटलेली. नट आवळून चाक जोरात हलवलं. टकटक बंद. रिळाचं एक कणभरही पितळ गेलं नाही, आणि उद्या विंच बदलायचा झाला तरी रीळ जसंच्या तसं.

राहिली वरच्या हाताची पकड. जिथे जुना विंच होता तिथेच, बुडापासून साधारण ७० ते ९५ सेंटिमीटरवर, टाकताना दुसरा हात येतो. उघडी नळी ओल्या हातात निसटते. काठीसाठी मिळणारी उष्णतेने आवळणारी नळी बरी असते, पण ती घालायला कडी सोडवावी लागली असती. खालून सरकवायला विंच आडवा आलेला. हे आधी सुचायला हवं होतं. मग घरातली बॅट आठवली. बॅटच्या मुठीला जशी सुतळी गुंडाळतात तशी नायलॉनची दोरी शेजारी-शेजारी घट्ट गुंडाळली, वर एपॉक्सीचा हात फिरवला, आणि बॅटची रबरी ग्रिप उभी चिरून तिच्यावर चिकटवली. लाल रंगाची, मुलाच्या बॅटसाठी आणलेली. जोड खालच्या बाजूला येऊ नये एवढं बघायचं, कारण तंगूस तिथून जाते. बुडाला रबरी टोपी पुन्हा, आणि विंचखालच्या १० सेंटिमीटरला तीच दोरी.

सगळं मिळून ७० डॉलरच्या आसपास खर्च आला. माझी काठी त्याच्या दुप्पट किमतीचीही नव्हती. आल्वीसाठी खास बनवलेली, खालच्या विंचची काठी जुन्या बाजारात याहून कमी पैशांत मिळू शकते, हेही इथेच सांगायला हवं. चांगल्या, महागड्या काठीवर हा उद्योग मी कुणाला करायला सांगणार नाही. आणि हा रस्ता एकेरी आहे: विंच १८ सेंटिमीटरवर आला की स्पिनिंग रीळ त्या काठीवर धड चालत नाही.

पहिली खरी परीक्षा वूरिमला झाली. हा ब्रायबी बेटाचा मोकळ्या समुद्राकडचा किनारा. बेटावर १९६३ सालापासून पूल आहे, त्यामुळे घरून निघून सकाळी सहाला पाण्यात उभं राहता येतं. ओहोटी संपून भरती लागलेली. पहिल्या तासात काठीने सगळं बरोबर केलं आणि तंगुशीने सगळं बिघडवलं. विसाव्या खेपेनंतर तंगूस सैल पडली की स्वतःभोवतीच पिळून तिच्या टेलिफोनच्या वायरीसारख्या गुंडाळ्या व्हायला लागल्या. दोष काठीचा नव्हता, आकडेमोड मी करायला विसरलो होतो. बॉबिनच्या टोकावरून सुटलेल्या प्रत्येक वेटोळ्यागणिक दोराला एक पीळ बसतो. स्पिनिंग रीळ गुंडाळताना उलटा पीळ देतं आणि हिशेब मिटतो. आल्वी गुंडाळतं मात्र रहाटासारखं, पीळ न देता, म्हणून टाकतानाचा पीळ तसाच राहतो. ६० मीटर टाकलं, वेटोळं ४७ सेंटिमीटरचं, म्हणजे एका खेपेला १२७ पीळ. वीस खेपांना अडीच हजार. मॅलॉकच्या काही रिळांवर चाक उलटं करून बसवायची सोय होती ती यासाठीच. आल्वीवाले वेगळा उपाय करतात: शिशाजवळ चांगला स्विव्हल, म्हणजे गरागरा फिरणारा धातूचा जोड, एक नाही तर दोन, म्हणजे ओढून घेताना पीळ तिथे उलगडत जातो. माझ्याकडे एकच होता आणि तोही गंजलेला. शेजारच्या एका बाईंनी न विचारताच दोन काढून दिले. माझ्याकडे बराच वेळ बघत असाव्यात.

स्विव्हल लावल्यावर काठी जशी मनात होती तशी चालली. या रिळाला झटका आवडत नाही, काठी संथ आणि लांब फिरवायची. वेटोळी पहिल्या कडीतून जाताना आता नुसती सळसळ येते. किनाऱ्याला समांतर एक खोल चर होता, जेमतेम ३० मीटरवर, आणि मासा तिथेच होता. मैदानावर पावलं मोजण्यात घालवलेल्या संध्याकाळी आठवून मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

मासा म्हणजे इथला व्हायटिंग, आपल्या मुडदुशीचा सख्खा चुलतभाऊ. दोन्ही सिलॅगो या एकाच वंशातले. ओढ बसली की दातेरी रिळावर यंत्राशी बोलणं होतं, इथे माशाचं प्रत्येक डोकं हलवणं मुठीतून थेट बोटांत येतं. या जुन्या चाकाला ब्रेक नाही, तळवा कडेवर ठेवून दाबायचा. एका मोठ्या माशाने अचानक पळ काढला तेव्हा मूठ हातातून सुटली आणि उलट्या फिरणाऱ्या मुठींनी माझ्या पेरांवर तीन टपल्या मारल्या. तो काय होता ते कळलं नाही, गरी घेऊन गेला. व्हायटिंग २३ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर इथे सोडावा लागतो. दोन सोडले, पाच ठेवले.

त्यानंतर काठी पंधरा-सोळा वेळा समुद्रावर गेली आहे. विंच हललेला नाही, पायाखालच्या गादीला चीर नाही. बॅटची ग्रिप मात्र खाऱ्या पाण्याने जोडावर सुटायला लागली आहे. तिच्या दोन्ही टोकांना दोऱ्याचा पट्टा बांधायला हवा होता, तो या आठवड्यात बांधेन. भावाला पाचही मुडदुशांचा फोटो पाठवला होता. रहाटाचं श्रेय त्याने लगेच घेतलं आणि "सांबारा केलंस की तळलंस?" एवढंच विचारलं.

आजोबांनाही एक फोटो पाठवला, काठी रिळासकट कुंपणाला टेकवून काढलेला. दोन दिवसांनी त्यांच्या मुलीच्या फोनवरून उत्तर आलं. रीळ योग्य जागी आहे असं त्यांचं म्हणणं. आणि खाली दुसरी ओळ: वर ते लाल काय लावलंयस?